वेम्बली, पाचवी फेरी आणि परतीच्या लढतीचं भाकीत

ज्युबिली लाइनवर डॉलिस हिलनंतर नीस्डन, आणि पुढचं स्टेशन वेम्बली पार्क. डॉलिस हिलला लंडनचं महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 सालचं, त्यामुळे एरवी या लाइनवरचा मराठी प्रवासी बहुतेक तिथेच उतरतो. 19 जुलै 2025 च्या शनिवारी मात्र अख्खा डबा बॉक्सिंगची लढत बघायला वेम्बली स्टेडियमला निघाला होता आणि प्रत्येकाच्या तोंडी भाकीत होतं. लंडनमधल्या बाकीच्या दिवसांबद्दल, म्हणजे संग्रहालयं, पूल आणि महागडी कॉफी, इतरांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. मी इथे त्या भाकितांबद्दल, आणि शेवटी थोडं मैदानाबद्दल, लिहिणार आहे, कारण ती भाकितं ऐकून डोकं फिरायची पाळी आली.

लढत युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक आणि ब्रिटनचा डॅनियल दुबुआ यांची, दुसऱ्यांदा, म्हणजे परतीची. हेवीवेट या सर्वांत वजनदार गटाचे चारही मोठे विजेतेपदाचे पट्टे पणाला. डब्यातला सूर एकच: दुबुआ आता पूर्वीचा राहिलेला नाही. पुरावा म्हणून सगळे सप्टेंबर 2024 दाखवत होते. याच मैदानात त्याने अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत झोपवलं होतं. त्याआधी मिलर आणि हर्गोविच यांनाही हरवलं होतं. शिवाय तो 27 चा, उसिक 38 चा. यातलं काहीही खोटं नव्हतं. पण परतीच्या लढतीचा अंदाज शेवटच्या विजयावरून बांधायचा नसतो. तो पहिल्या लढतीवरून बांधायचा.

पहिली लढत पोलंडमधल्या व्रोत्सवाफला, 26 ऑगस्ट 2023. पाचव्या फेरीत दुबुआचा ठोसा उसिकच्या कमरपट्ट्याच्या रेषेवर बसला, रेफरी लुईस पाबोन यांनी तो रेषेखालचा, म्हणजे नियमबाह्य, ठरवला आणि उसिकला सावरायला जवळपास चार मिनिटं मिळाली. पुढची दोन वर्षं सगळा वाद या एका ठोशावर चालला. तो बाजूला ठेवून उरलेल्या फेऱ्या पाहिल्या तर वेगळंच दिसतं. आठव्या फेरीच्या शेवटी दुबुआ खाली बसला आणि नवव्यात उसिकने लढत संपवली, तीही जॅबवर. जॅब हा अंतर मोजायचा ठोसा. त्याने हेवीवेट पडतो तेव्हा दोष ताकदीचा नसतो. दम संपलेला असतो आणि पाय चुकीच्या जागी असतात. ताकद वाढवून हे सुधारत नाही.

पायांचं गणित स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून छान दिसतं. उसिक डावखुरा, म्हणजे उजवा पाय पुढे. दुबुआचा डावा पाय पुढे. दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात, आणि ज्याचा पाय दुसऱ्याच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला पडतो त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. उसिक हे अर्ध्या पावलाने करतो, ठोसा न मारताही करतो. त्यावर उपाय म्हणजे दुबुआने आपल्या डावीकडे सरकत राहायचं आणि उजवा सरळ मारायचा. दमलेला माणूस नेमका उलट, उसिकच्या डाव्या हाताकडे जातो. वेम्बलीत दुसऱ्या फेरीपर्यंत दुबुआ चार-पाचदा तसा गेला आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे पहिल्या लढतीतून कोण जास्त शिकू शकतो. उसिकच्या वह्या इथे भरलेल्या आहेत. जोशुआशी सौदी अरेबियातल्या जेद्दाहच्या परतीच्या लढतीत नववी फेरी जोशुआने ओरबाडून घेतली. दहाव्यात उसिकने असा काही मारा केला की लढतच फिरली. टायसन फ्यूरीशी मे 2024 मध्ये निकाल उसिकच्या बाजूने लागला, पण परीक्षकांत विभागला गेला होता. डिसेंबरमध्ये तिन्ही परीक्षकांनी 116-112 असे एकसारखे गुण उसिकला दिले. म्हणजे उसिक समोरच्याला जितका जास्त वेळ बघतो तितका तो स्वतः अवघड होत जातो.

तिसरी गोष्ट वजन. इथे लोक फक्त आकडा वाचतात. अँडी रुईझने जून 2019 मध्ये जोशुआला पाडलं आणि डिसेंबरमध्ये परतीच्या लढतीला, सौदीतल्या दिरियाला, तो 283 पौंडांचा आला, आधीपेक्षा 15 जास्त. जोशुआ उलट 237 वर उतरला आणि बारा फेऱ्या लांबून खेळून जिंकला. वजन वाढलं की ते पाय पेलतात का, हे आधी विचारायचं. वेम्बलीला दोघंही पहिल्या लढतीपेक्षा जड होते, उसिक साधारण 103 किलो, दुबुआ 110 च्या पुढे. उसिकचं वाढलेलं वजन धक्काबुक्कीत टिकायला होतं.

सट्टेबाजांचे भाव हा चौथा आधार, पण ते वाचता यायला हवेत. 1/3 हा भाव म्हणजे तीन पौंड लावून एक मिळवायचा, अर्थात 75 टक्के शक्यता. दोन्ही बाजूंच्या शक्यता मिळवल्या तर बेरीज शंभराच्या वर जाते. तो वरचा भाग सट्ट्याच्या दुकानाचा नफा. तो वजा न करता लोक भावालाच भाकीत समजतात.

आणि तरीही फेरी कुठली, हे सांगायच्या फंदात पडू नये. 1963 मध्ये जुन्या वेम्बलीत कॅशियस क्लेने, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीने, पाचवी सांगितली होती. चौथ्यात हेन्री कूपरच्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, तो स्वतःच खाली बसला, पाचव्यात कूपरच्या डोळ्यावर मोठी जखम झाली आणि भाकीत खरं ठरलं. शेजारच्या वेम्बली अरीनात 1994 मध्ये लेनॉक्स लुईस हरेल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं; ऑलिव्हर मॅकॉलने दुसऱ्याच फेरीत त्याला संपवलं. परतीच्या लढतीत, 1997 साली, मॅकॉल रिंगमध्ये रडायला लागला आणि लढेचना. हे कुठल्या कोष्टकात बसवणार?

उसिक-दुबुआचीही पाचवीच निघाली. दुबुआ एकदा पडला, उठला, डाव्या हुकने पुन्हा पडला आणि 1 मिनिट 52 सेकंदांवर खेळ आटोपला.

आता मैदानाबद्दल. हे फुटबॉलचं मैदान आहे. नव्वद हजारांत रिंग काडेपेटीएवढी दिसते आणि वरच्या मजल्यावरून बघताना वरचा दिव्यांचा सांगाडा मध्ये येतो. एवढे पैसे मोजून शेवटी पडद्यावरच बघायचं असेल तर मला हा सौदा पटत नाही. दुर्बीण न्या. पिशवी ए-फोर कागदापेक्षा मोठी असेल तर नेऊच नका. खायचं ते आधी ईलिंग रोडवर, तिथे गुजराती दुकानांतून वडापाव, कचोरी सगळं मिळतं आणि आतल्या बर्गरपेक्षा पोट नीट भरतं.

परतताना सगळे ऑलिम्पिक वेवरून वेम्बली पार्ककडे निघतात आणि कर्मचारी गर्दीला टप्प्याटप्प्याने थांबवतात. ती रांग बघूनच उलट दिशेने वेम्बली सेंट्रलला चालत निघा. अंतर थोडं जास्त पडतं, पण बेकरलू लाइनवर बसायला मिळतं.