सिअ‍ॅटलचे चायनाटाउन : जेवणाच्या तासापुरते नव्हे, पूर्ण दिवसासाठी

सिअ‍ॅटलला मुलांकडे किंवा कामानिमित्त येणाऱ्या मराठी मंडळींच्या यादीत पाइक प्लेस बाजार, स्पेस नीडल आणि बोइंगचा कारखाना ही ठिकाणे ठरलेली असतात, आणि चायनाटाउन असलेच तर एका जेवणापुरते असते. आई-वडील बेलव्ह्यूला राहायला आले असताना आम्ही मुद्दाम सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस या वस्तीसाठी राखून ठेवला, आणि मागून येणाऱ्यांनीही तसेच करावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. चायनाटाउन-इंटरनॅशनल डिस्ट्रिक्ट या लांबलचक नावाच्या भागात चिनी, जपानी, फिलिपिनो आणि पुढे व्हिएतनामी माणसे एकमेकांना लागून राहत आली. या वस्तीला उठवण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा झाले आणि प्रत्येक वेळी माणसांनी परत येऊन ती उभी केली. हे माहीत असेल तर तिथले जेवण निराळे लागते.

विमानतळावरून किंवा शहराच्या मध्यभागातून लाइट रेलच्या १ लाइनने यावे आणि इंटरनॅशनल डिस्ट्रिक्ट/चायनाटाउन या स्थानकावर उतरावे. विमानतळापासून साधारण अर्धा ते पाऊण तास धरावा. गाडी घेऊन येणाऱ्यांनी आधी एक गोष्ट पाहावी : लुमेन फील्ड आणि टी-मोबाइल पार्क ही दोन्ही मोठी मैदाने अगदी शेजारी असल्यामुळे सामन्याच्या दिवशी पार्किंगचे दर भलतेच चढतात आणि रस्त्यांवर पाय ठेवायला जागा राहत नाही. त्या दिवसांचे वेळापत्रक पाहूनच बेत आखावा.

स्थानकाबाहेर आल्यावर २००८ साली उभारलेली मोठी चिनी कमान दिसते आणि पावले आपोआप किंग स्ट्रीटकडे वळतात. तो मोह थोडा आवरून आधी उत्तरेकडच्या मेन स्ट्रीटवर जावे. किंग स्ट्रीट गजबजलेला आहे, मेन स्ट्रीट त्या मानाने शांत आहे, आणि या शांततेमागचे मोठे कारण १९४२ साली घडले. त्याआधी मेन स्ट्रीटच्या आसपास निहोनमाची, म्हणजे जपानी पेठ होती. न्हाणीघरे, हॉटेले, किराणा दुकाने, धोब्यांची दुकाने आणि १९०९ साली बांधलेले निप्पॉन कान हे नाट्यगृह, असा सगळा संसार तिथे होता. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना, त्यांतील बहुतेक अमेरिकेचे जन्मजात नागरिक असूनही, छावण्यांत डांबण्यात आले. सिअ‍ॅटलच्या कुटुंबांना आधी प्युअ‍ॅलप गावच्या जत्रेच्या मैदानावर ठेवले आणि मग आयडाहोतील मिनिडोका या उजाड माळरानावर नेले. हाताने उचलता येईल तेवढेच सामान बरोबर घेण्याची परवानगी होती.

उरलेल्या सामानाचे काय झाले, हे पनामा हॉटेलमध्ये दिसते. साब्रो ओझासा या जपानी वास्तुरचनाकाराने आखलेली ही विटांची इमारत १९१० सालची आहे आणि २००६ पासून तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा आहे. छावणीत जाणाऱ्या कुटुंबांनी आपल्या ट्रंका, पेट्या आणि बोचकी या हॉटेलच्या तळघरात ठेवायला दिली. युद्ध संपल्यावर काहींनी ती नेली, आणि काही कुटुंबे परत आलीच नाहीत. तळमजल्यावरील चहाघराच्या जमिनीत एके ठिकाणी काचेचे तावदान बसवले आहे. त्यावरून खाली वाकून पाहिले की मंद उजेडात एकमेकींना टेकवून ठेवलेल्या त्या पेट्या दिसतात. माझे वडील तिथे बराच वेळ उभे होते. याच इमारतीच्या तळघरात हाशिदाते-यू हे जपानी सार्वजनिक न्हाणीघरही जसेच्या तसे शाबूत आहे, परंतु ते एरवी बघायला मिळत नाही. चहाघराच्या वेळा बदलत असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी. गेलात तर नुसते खाली डोकावून निघून न येता चहा घ्यावा, कारण अशा वास्तू येणाऱ्यांच्या खर्चावरच टिकतात.

मेन स्ट्रीटच्या वरच्या अंगाला कोबे टेरेस ही टेकडीच्या उतारावरची बाग आहे. जपानमधील कोबे हे सिअ‍ॅटलचे भगिनी-शहर असून तिथून भेट आलेला दगडी कंदील या बागेत उभा आहे. मार्चअखेर ते एप्रिल या काळात गेल्यास चेरीचा बहर पाहायला मिळतो. चढ बराच उभा आहे. पावसाळी दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, पायात घट्ट पकडीचे बूट हवेतच, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या पायऱ्यांपर्यंतच जावे.

याच उतारावर डॅनी वू सामुदायिक बाग आहे आणि आमच्या आईला सगळ्यात आवडलेली जागा हीच. डॅनी वू या स्थानिक व्यावसायिकाने १९७५ साली आपली जमीन त्यासाठी वापरायला दिली, आणि ‘अंकल बॉब’ म्हणून ओळखले जाणारे फिलिपिनो-अमेरिकन कार्यकर्ते बॉब सँटोस यांच्यासह अनेकांनी राबून झुडपांनी भरलेल्या उतारावर लाकडी ओंडक्यांचे टप्पे बांधले. वस्तीतल्या एकेका खोलीत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना चार वाफे मिळावेत, आपल्या ओळखीची भाजी पिकवता यावी आणि त्या निमित्ताने चार माणसांत बसता यावे, असा त्यामागे हेतू होता. आम्ही गेलो तेव्हा एक आजीबाई मुळ्याच्या वाफ्यात उकिडव्या बसून तण काढत होत्या. आई कुंपणाबाहेरून मोहरीचा पाला, कांद्याची पात आणि कोथिंबीर ओळखत होती. तिने बोट दाखवून मान डोलावली, त्याही हसल्या आणि त्यांनी पाल्याचे एक पान खुडून तिच्या हातात दिले. भाषेची गरज दोघींनाही पडली नाही. इथे एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : वाफ्यांमध्ये पाय ठेवू नये, काही तोडू नये आणि विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नये. ही शोभेची बाग नाही, लोकांच्या संध्याकाळच्या स्वयंपाकाची बाग आहे.

त्यानंतर किंग स्ट्रीटवर उतरून विंग ल्यूक संग्रहालयात जावे आणि किमान दोन तास द्यावेत. विंग ल्यूक १९६२ साली सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेवर निवडून आले, आणि अमेरिकेच्या वायव्य भागातून निवडून येणारे ते पहिले आशियाई-अमेरिकन लोकप्रतिनिधी होते. घरे विकताना व भाड्याने देताना होणाऱ्या वंशभेदाविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. १९६५ साली विमान अपघातात त्यांचे निधन झाले आणि दोन वर्षांनी त्यांच्या नावाने हे संग्रहालय सुरू झाले. आजची वास्तू, ईस्ट काँग यिक इमारत, १९१० सालची असून १७० चिनी स्थलांतरितांनी आपली पुंजी एकत्र करून ती बांधली. वरच्या मजल्यांवरील जुने हॉटेल मार्गदर्शकाबरोबरच पाहता येते, म्हणून पोहोचताच पुढच्या फेरीची वेळ विचारून घ्यावी.

एक खाट आणि थोडी मोकळी जागा एवढ्याच त्या खोल्या पाहून वडिलांना लालबाग-परळ आठवले, आणि तुलना खरोखरच जुळते. गिरण्यांत कामाला आलेल्या कोकणी आणि घाटावरच्या माणसांचे बिऱ्हाड जसे गाळ्यात वाटून घेतलेल्या जागेत असे, आणि अडीनडीला गावकरी मंडळ पाठीशी असे, तसेच अलास्कातील मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत, लाकडाच्या गिरण्यांत आणि रेल्वेवर राबणारे एकटे पुरुष हंगाम संपला की या खोल्यांत राहत, आणि त्यांचा आधार म्हणजे आडनावावरून जमलेल्या कुलसंस्था. गी हाउ ओक टिन या संस्थेचे दालन इथे जपले आहे. तिथली टेबले पाहताना सभा, पत्त्यांसारखा रंगणारा माजाँगचा डाव आणि गावाकडे पाठवायच्या पैशांच्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. यिक फंग हे आयात-निर्यातीचे जुने दुकानही फळ्यांवरच्या मालासकट ठेवले आहे.

किंग स्ट्रीटचा इतिहासही सुखाचा नाही. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली, आणि ७ फेब्रुवारी १८८६ रोजी सिअ‍ॅटलमध्ये जमावाने घराघरांत शिरून सुमारे ३५० चिनी रहिवाशांना बंदरावर हाकलत नेले. शहरात लष्करी कायदा पुकारावा लागला, तरी बहुतेकांना शहर सोडावेच लागले. तरीसुद्धा माणसे परतली आणि १९१० च्या सुमारास, जॅक्सन स्ट्रीटचा डोंगर सपाट केल्यावर, आजच्या जागी नवी पेठ वसली. १९२१ पासून वॉशिंग्टन राज्यात नागरिकत्व न मिळू शकणाऱ्या परदेशीयांना जमीन घेण्यास बंदी होती आणि तो कायदा १९६६ पर्यंत रद्द झाला नाही. ईस्ट काँग यिक इमारत या कायद्याच्या आधीची, पण १८८२ चा कायदा आणि १८८६ ची हकालपट्टी ध्यानात घेतली म्हणजे १७० माणसांनी मिळून ती उभी करणे केवढे धाडस होते, हे कळते.

आता जेवणाबद्दल. दिम सम, म्हणजे चहाबरोबर खायचे वाफवलेले-तळलेले छोटे चिनी पदार्थ, खायचे असल्यास रविवारी अकराच्या आत पोहोचावे, नाहीतर तासभर रांगेत जातो. बहुतेक ठिकाणी कागदावर खुणा करून मागणी द्यायची असते. चहाची किटली रिकामी झाली की तिचे झाकण तिरके करून ठेवावे, वाढणारे समजून घेऊन पाणी भरून आणतात. दुसऱ्याने आपल्या कपात चहा ओतला की दोन बोटे टेबलावर हलकेच टेकवून आभार मानण्याची कँटोनीज रीत आहे, आणि ती पाळली की समोरच्याला बरे वाटते. टाय तुंग हे १९३५ सालचे उपाहारगृह ब्रूस ली यांचे आवडते होते. ते सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात शिकले आणि त्यांची समाधीही याच शहरात, लेक व्ह्यू दफनभूमीत आहे. मेन स्ट्रीटच्या बाजूचे मानेकी हे जपानी उपाहारगृह १९०४ पासूनचे आहे. युद्धकाळात त्याची मूळ इमारत लुटली गेली आणि १९४६ साली ते लहान जागेत पुन्हा सुरू झाले. तिथे जागा आधी राखून ठेवावी लागते आणि जेवण संध्याकाळचेच असते.

शाकाहारी मंडळींनी विशेष सावध राहावे. मिसो सूपमध्ये सुक्या माशाचा अर्क असतो, परतलेल्या पालेभाजीत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस पडतो, मुळ्याच्या वड्यांत बहुधा सॉसेज किंवा सुकी कोळंबी असते, आणि बेकरीतल्या पेस्ट्रीच्या पापुद्र्यात डुकराची चरबी असू शकते. ‘भाजी’ म्हटले म्हणजे मांस नाही असा अर्थ गृहीत धरू नये. मासे, सॉस आणि चरबी यांबद्दल तीन वेगवेगळे प्रश्न विचारावेत. आमचे वडील शाकाहारी असल्याने आम्ही जॅक्सन स्ट्रीटने वर लिटल सैगॉन या व्हिएतनामी पेठेपर्यंत चालत गेलो आणि टोफूचे बान्ह मी, म्हणजे व्हिएतनामी सँडविच घेतले. कुरकुरीत पाव, लोणच्यासारखे आंबवलेले गाजर आणि मुळा, कोथिंबीर आणि हिरवी मिरची, हे सगळे आपल्या जिभेला सहज रुचणारे आहे, फक्त फिश सॉस आणि पाते (मांसाचा मऊ लगदा) नको, असे आधी सांगावे. मांसाहारी असाल तर सिअ‍ॅटलचे म्हणून ओळखले जाणारे तेरियाकी खावे. तोशी कासाहारा यांनी १९७६ साली सुरू केलेल्या दुकानातून ही गोडसर चिकन-भाताची थाळी शहरभर पसरली. भाजलेली बदके टांगलेल्या लहान दुकानांत आणि बेकऱ्यांत रोख पैसे जवळ असलेले बरे. बसून जेवल्यास १८ ते २० टक्के टिप आणि सुमारे १० टक्के विक्रीकर हिशेबात धरावा.

खरेदी शेवटी ठेवावी, म्हणजे पिशव्या दिवसभर वाहाव्या लागत नाहीत. उवाजिमाया हे भले मोठे दुकान फुजिमात्सु मोरिगुची यांनी १९२८ साली टॅकोमात सुरू केले. ते माशाच्या वड्या ट्रकवरून जपानी कामगारांना विकत. युद्धकाळात कुटुंब छावणीत गेले आणि सुटल्यावर त्यांनी सिअ‍ॅटलमध्ये नव्याने दुकान थाटले. तिथला चहा, तांदूळ आणि खोबऱ्याचे दूध यांतून निवड करायला वेळ लागतो, आणि आत किनोकुनिया हे पुस्तकांचे दुकानही आहे.

आजच्या स्थितीबद्दलही लिहायला हवे. १९६० च्या दशकात आय-५ हा महामार्ग या वस्तीतून आरपार गेला, आणि १९७२ साली किंगडोम मैदानाच्या बांधकामाविरुद्ध तरुणांनी निदर्शने केली. २०२३ साली राष्ट्रीय वारसा न्यासाने ही वस्ती देशातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या अकरा ठिकाणांत धरली. बाराव्या अ‍ॅव्हेन्यू आणि जॅक्सन स्ट्रीटच्या चौकाजवळ बेघर आणि व्यसनग्रस्त लोकांची संख्या जास्त असते. दिवसा काळजीने चालल्यास अडचण येत नाही, पण अंधार पडल्यावर तिथे रेंगाळू नये आणि गाडीत काहीही दिसेल असे ठेवू नये. ‘हिंग हे’ नावाच्या पार्कमधला तैवानमध्ये घडवलेला लाल मंडप, त्याखाली डाव मांडलेली ज्येष्ठ मंडळी आणि टेबल टेनिस खेळणारी मुले पाहिली की इथे कुणाचे तरी रोजचे आयुष्य चालू आहे, याचे भान राहते. फोटोंसाठी त्यांच्या टेबलाभोवती गराडा घालू नये.

चांद्रनववर्षाचा उत्सव हिवाळ्याच्या अखेरीस येतो आणि तेव्हा सिंहनृत्य व गर्दी असते. जुलैमध्ये बौद्ध मंदिराच्या बोन ओदोरी या जपानी नृत्योत्सवात कुणीही फेर धरू शकतो. आधी नृत्य शिकायला लागत नाही, शेजारच्याचे हात पाहून धरता येते.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर बेनब्रिज बेटावर जावे. ३० मार्च १९४२ रोजी देशात सर्वांत आधी याच बेटावरील जपानी कुटुंबांना बंदुकीच्या पहाऱ्यात नेण्यात आले, आणि ज्या जागेवरून ती बोटीत चढली तिथे आता नावे कोरलेली लाकडी भिंत आहे. शहराच्या धक्क्यावरून बोटीला ३५ मिनिटे लागतात, स्मारक बेटाच्या धक्क्यापासून काही मैल लांब असल्याने बस किंवा सायकल आधी ठरवून ठेवावी. चालत जाणाऱ्यांचे भाडे सिअ‍ॅटलहून निघतानाच घेतले जाते, परतीच्या प्रवासाचे तिकीट काढावे लागत नाही.