मध्वरि, मध्वद वगैरे

रविवारी दुपारी मधाची बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी केली आणि टीव्हीपुढे बसले. थंडीत मधाची साखर झाली की आमच्याकडे लगेच ‘भेसळ दिसतेय’ सुरू होतं. अस्सल मधही साखर धरतो, हे सांगून मी थकले. आता मुकाट्याने पाणी तापवते.

पडद्यावर रशियन टेनिसपटू दानिल मेदवेदेव सर्व्हिस करत होता. अंगाने काटकुळा, हातपाय लांबच लांब, आणि आडनाव मात्र अस्वलाचं! रशियनमध्ये मेदवेद म्हणजे अस्वल. त्यातला मेद म्हणजे चरबी नव्हे, मध. चेक, स्लोव्हेनियन, सर्बियन सगळीकडे तो ‘मेद’च; रशियनमध्ये ‘म्योद’, पोलिशमध्ये ‘म्युद’. पोलिश मंडळी तर मध आणि मधाची दारू एकाच शब्दात उरकतात. मधाइतकंच पाणी घातलं तर ती ‘द्वुयन्याक’, पाणी दुप्पट केलं की ‘त्रुयन्याक’. द्वि आणि त्रि ऐकू येतात ना?

तर मेदवेद म्हणजे मध खाणारा. मेदु अधिक एद. मधला ‘व’ कुठून आला, असं कुणी विचारलं तर मला आमच्या संस्कृतच्या बाई दिसतात. ‘इको यणचि’ हा संधीचा नियम म्हणत डस्टर टेबलावर आपटायच्या आणि पहिल्या बाकापासून एकेकाला उभं करायच्या. मधु अधिक अरि? मध्वरि! उ गेला, व आला. मधाचा हा शत्रू कोण, याची चौकशी वर्गात कुणीच केली नाही. दोन मार्कांत तेवढं बसत नव्हतं. तोच ‘व’ रशियातल्या अस्वलाच्या पोटात निघावा, याचं मला फार हसू येतं. ऋग्वेदात पहिल्या मंडलाच्या १६४व्या सूक्तात ‘मध्वद’ हा शब्द आहेच, फक्त तिथे मध खातात ते झाडावरचे पक्षी.

पण अस्वलाला सरळ अस्वल का म्हणायचं नाही? कोकणात आजीकडे रात्री साप म्हटलं की पाठीत धपाटा बसायचा. “जनावर म्हण. नाव काढलंस की येतो!” रशियन, पोलिश, चेक वगैरे भाषा बोलणाऱ्या स्लाव्ह लोकांनीही रानात हेच केलं असावं, असं भाषेचे जाणकार म्हणतात. आपला ऋक्ष, ग्रीकांचा आर्क्तोस, लॅटिन उर्सुस ही सगळी एका घरातली नावं. स्लाव्ह भाषांत मात्र त्या घराण्याचा मागमूस नाही. तिथे आहे तो फक्त मधखाऊ. पुढे तेच नाव इतकं रुळलं, की तेही घ्यायची भीती वाटू लागली. मग रशियन शिकारी त्याला ‘खझ्याइन’, म्हणजे मालक म्हणू लागले. गोष्टींमध्ये तो मिखाईल झाला, लाडाने मिशा. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये शुभंकर म्हणून पट्टा बांधून हसत उभा होता तोच. युक्रेनियनमध्ये अक्षरं उलटून ‘वेदमिद’ झालं, आणि पोलिशमध्ये ‘न्येज्व्येज’. यात मध शोधून दाखवा.

मला खटकतं ते वेगळंच. चोरून खाणाऱ्याच्या नावात मध, आणि जी तो जमवते तिच्या नावात थेंब नाही. रशियनमध्ये ती ‘प्चेला’, स्लोव्हेनियनमध्ये ‘चेबेला’. आपण निदान मधमाशी तरी म्हणतो.

स्लोव्हेनियातल्यांना मात्र नावं ठेवता येत नाहीत. १७३४ साली जन्मलेला मधपाळ आन्तोन यान्शा त्यांचाच. २० मेचा जागतिक मधमाशी दिन त्याच्या आठवणीत असतो. त्यांच्या भाषेत माणसाच्या मरणाला ‘उम्रेती’ म्हणतात, जनावराच्या मरणाला ‘पोगिनिती’. मधमाशी मेली तर मात्र ते ‘उम्रेती’ म्हणतात. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी आग्या मोहोळ जाळलं, तेव्हा सकाळी पार्किंगभर माशा पडल्या होत्या. झाडूवाल्या मावशींनी त्या सुपलीत भरून नेल्या. मी गाडी काढायला थांबले होते, मला उशीर होत होता.