अमेन ब्रेक : खरी मजा चौथ्या बारमध्ये

गेले काही दिवस नवा ट्रॅक हातात घेतलेला नाही. अमेन ब्रेक (एका जुन्या गाण्यातला फक्त ड्रमचा छोटा भाग), त्याचे तुकडे आणि त्यांची उलटसुलट मांडणी, एवढंच चाललंय. आता कुठे तो हाताला लागतोय, म्हणून 'जंगल' ही तुटक ड्रमवर चालणारी वेगवान संगीतशैली करणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

मूळ रेकॉर्ड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं : द विन्स्टन्सचं १९६९ मधलं 'अमेन, ब्रदर', म्हणजे 'कलर हिम फादर' या गाजलेल्या गाण्याची मागची बाजू. साधारण दीड मिनिटावर बाकी बँड थांबतो आणि ग्रेगरी कोलमन एकटा चार बार (चार-चार मात्रांची आवर्तनं) ड्रम वाजवतो. जेमतेम सात सेकंद.

पहिले दोन बार सारखेच आहेत आणि बहुतेक जण तेवढेच लूप करतात, म्हणजे पुन्हापुन्हा फिरवतात. तिसऱ्यात शेवटची स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) अर्ध्या मात्रेने उशिरा पडते. चौथ्यात तर समेवर किकच (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) नाही! पहिली मात्रा रिकामी सोडून कोलमन आडवा फिरतो आणि क्रॅश झांज अपेक्षेच्या आधीच मारतो. मी आता फ्रेजची सुरुवात या चौथ्या बारने करतोय. सम रिकामी असल्यामुळे बेसला तिथे एकट्याने उतरता येतं, आणि पहिल्या बारची किक आली की जमीन सापडते. लंडनच्या जंगलवाल्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जे केलं त्याचं मर्म मला इथे दिसतं : त्यांनी नुसता ठेका उचलला नाही, तो तोडून ड्रमरला त्याने कधीच न वाजवलेलं वाजवायला लावलं.

तुकडे पाडताना ग्रिड (संगणकाने आखलेल्या समान अंतराच्या रेषा) पूर्ण बंद ठेवा. कोलमनचे ठोके सरळ रेषेत नाहीत, आणि ग्रिडवर कापलं की एका तुकड्याच्या शेवटी पुढच्या ठोक्याची सुरुवात चिकटते. मी प्रत्येक आघाताच्या टोकावर, कानाने कापलंय. सगळे तुकडे एकाच चोक ग्रुपमध्ये टाकलेत, म्हणजे पुढचा वाजला की मागच्याची शेपटी तुटते. राइड सिंबलची शेपटी अशी तुटणं हाच तर जंगलचा श्वास.

पिचचा हिशोब करून पाहिला; पिच चढवला की वेगही वाढतो. मूळ वेग १३७ बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) आसपास. १६५ ला न्यायचं तर सव्वातीन सेमिटोन (अर्धस्वर) चढवायचे, टाइमस्ट्रेच (पिच न बदलता वेग बदलणं) लागतच नाही. स्नेअर फक्त थोडी ताठ होते. 'फंकी ड्रमर'मधला क्लाइड स्टबलफील्डचा ब्रेक शंभरच्या आसपास आहे. तो तिथवर न्यायला आठ-नऊ सेमिटोन लागतात, आणि त्याच्या त्या नाजूक घोस्ट नोट्स (अगदी हलके ठोके) पार पत्र्यासारख्या वाजतात. हिप-हॉपच्या वेगाला मात्र त्याला तोड नाही. कुठला ब्रेक कुठल्या संगीतात रुजला, त्यात वेगाचा हा साधा हिशोबही आहे असं माझं मत.

दुसरा प्रयोग एसपी-१२०० या जुन्या सॅम्पलरच्या (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राच्या) आवाजाचा. ते यंत्र १२ बिटचं, २६ किलोहर्ट्झचं, आणि एकूण मेमरी दहा सेकंदांची. म्हणून लोक ३३ ची रेकॉर्ड ४५ वर फिरवून सॅम्पल घ्यायचे आणि मग पिच खाली आणायचे; जागा वाचायची आणि आवाजाला खरखरीत कड यायची. संगणकावर तेच करतोय : आधी पाच सेमिटोन वर, मग १२ बिट आणि २६ किलोहर्ट्झवर उतरवणं, मग पुन्हा खाली. किक भरीव झाली. राइडवर वाळूसारखी चरचर आली, ती मला फार आवडली. अकाई सॅम्पलरच्या टाइमस्ट्रेचचा तो धातूसारखा घसरता आवाज मात्र अजून मनासारखा जमलेला नाही.

एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. या सात सेकंदांवर एक अख्खी संगीतशैली उभी राहिली, आणि कोलमनला त्याची रॉयल्टी कधीच मिळाली नाही. तो २००६ मध्ये गेला. बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सरला २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड दिले. मी ट्रॅकच्या श्रेयात 'ड्रम्स : ग्रेगरी कोलमन' असंच लिहितो. तुम्हीही लिहा.

पुढच्या वेळी चौथ्या बारचे तुकडे अर्ध्या वेगाने वाजवून त्याखाली सब-बेस (अगदी खालचा बेस) बसवून पाहणार आहे. कुणी तिसऱ्या बारची ती उशिराची स्नेअर रीव्हर्बसकट (गुंजेसकट) उलटी वाजवून पाहिली असेल, तर डीके (गुंज विरायला लागणारा वेळ) किती ठेवलात तेवढं सांगा.