कोळंबी टोस्ट: चौथा घाणा

पावावर कोळंबीचं सारण लावून तळायचा हा चिनी टोस्ट तीन रविवार बिघडवल्यावर काल एकदाचा जमला. आतापर्यंतचं रडगाणं एकच होतं: वरून कुरकुरीत, पण चावा घेतला की पावातून तेल ओघळायचं.

दोष पावाचा होता. ताजा मऊ पाव तेल पितोच. या वेळी सँडविच ब्रेडचे काप रात्रभर ताटात उघडे पसरून ठेवले. "मुंग्या लागतील," आई म्हणाली. लागल्या नाहीत, आणि सकाळी काप खडखडीत वाळले होते.

पाव किलो सोललेली कोळंबी, काळा दोरा काढून, फडक्यात दाबून कोरडी केलेली. दुसऱ्या खेपेला मिक्सरने तिची खळ केली होती, म्हणून आता सुरी. निम्मी पात्याच्या सपाट बाजूने चिरडली, निम्मी बारीक चिरली. अर्धा छोटा चमचा मीठ घालून एकाच दिशेने घोटत राहिलो. तीनेक मिनिटांत चमचा जड झाला, उचलला की सारण लोंबकळायला लागलं. मिठाने कोळंबीतली प्रथिनं सुटून चिकटपणा येतो. तोपर्यंत दुसरं काही घालायचं नाही. मग अंड्यातलं पांढरं, चमचाभर कॉर्नफ्लोअर, आलं, पातीचा कांदा, पांढरी मिरपूड आणि भाजलेल्या तिळाच्या चिनी तेलाचे चार थेंब. आपल्या घाण्याच्या तिळाच्या तेलाला तो खमंग वास नाही, आधी करून पाहिलंय. कँटनी, म्हणजे दक्षिण चीनमधल्या, पद्धतीत डुकराची चरबीही घालतात, त्याने सारण रसाळ राहतं. मी वगळली.

सारण पार कडेपर्यंत लावलं, नाहीतर तळताना कडा सुटतात. वरून तिळात दाबून त्रिकोण कापले. तेल 170 अंशांवर, कोळंबीची बाजू आधी खाली. दीड-दोन मिनिटांनी उलटून पावाची बाजू जेमतेम अर्धं मिनिट. निथळायला जाळीवर उभे ठेवले. कागदावर आडवे ठेवले की वाफेने खालून मऊ पडतात.

शेवटच्या घाण्यात सुटे तीळ तेलात करपून टोस्टला चिकटले. मध्येच तेल गाळायला हवं होतं.

हाँगकाँगमध्ये याला हा-तो-सी म्हणतात: 'हा' म्हणजे कोळंबी, 'तो-सी' म्हणजे आपला टोस्टच. हेच नाव जपानमधल्या नागासाकीत 'हातोशी' झालं, आणि तिथे सारण दोन कापांच्या मध्ये जातं. पुढच्या रविवारी तोच. तीळ चिकटवायची कटकट तरी नाही.