कृपया थांबा

सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवण्यासाठी १९९३ साली मी टर्बो पास्कल या तेव्हाच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात एक प्रोग्रॅम लिहिला होता. परवा जुन्या फायली आवरताना तो सापडला आणि डॉसबॉक्स या डॉसचे सोंग वठवणाऱ्या प्रोग्रॅमचा आडोसा न घेता, खऱ्या यंत्रावर खऱ्या डॉसमध्येच (म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) तो चालवून पाहावा अशी हुक्की आली. जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने, मायक्रोसॉफ्ट एमएस-डॉस गुंडाळणार हे दिसताच १९९४ मध्ये सुरू केलेला, डॉसच्याच धर्तीचा फ्रीडॉस आजही फुकट मिळतो. तो पेनड्राइव्हवर चढवला आणि सेटिंगमध्ये जाऊन लेगसी बूट, म्हणजे यंत्र जुन्या पद्धतीने सुरू करण्याची सोय, चालू केली. अगदी नव्या यंत्रांतून ही सोय काढून टाकलेली असते, पण माझा लॅपटॉप दहा वर्षांचा म्हणून निभावले.

दोन-तीन सेकंदांत काळ्या पडद्यावर प्रॉम्प्ट लुकलुकू लागला. मेमरी किती ते सांगणारी ‘मेम’ ही आज्ञा दिली, तर आठ जीबी रॅमच्या या यंत्रात साध्या प्रोग्रॅमच्या वाट्याला तेच जुने ६४० केबी. अख्खा वाडा विकत घेऊन ओसरीवरच बिऱ्हाड थाटावे, तसे.

प्रोग्रॅम मात्र उघडताक्षणी ‘रनटाइम एरर २००’ म्हणून कोसळला. शून्याने भागाकार झाल्याची ती तक्रार, पण शून्य कुठेच नव्हते. घड्याळाच्या ५५ मिलिसेकंदांच्या एका ठोक्यात आपण किती रिकाम्या फेऱ्या मारतो हे, टर्बो पास्कलचा ‘सीआरटी’ हा पडदा-कीबोर्डचा तयार भाग वापरणारा प्रोग्रॅम सुरुवातीलाच मोजून घेतो आणि त्या आकड्याला ५५ने भागतो. आजचा प्रोसेसर एवढ्या फेऱ्या मारतो की ते उत्तर ६५,५३५ची मर्यादा ओलांडते, सोळा बिटांच्या घरात मावत नाही, आणि प्रोसेसर शून्याने भागल्यावर करतो तसेच हात वर करतो. यंत्र फार वेगवान आहे, एवढ्याच कारणाने बंद पडणारा प्रोग्रॅम मी लिहून ठेवला होता, याचा मला थोडा अभिमानच वाटला.

या दुखण्यावरचा पॅच पूर्वीच कोणीतरी करून ठेवला आहे. तो लावल्यावर मेनू आला. थकबाकीची यादी मागितली, तेव्हा ‘कृपया थांबा’ ही ओळ उमटली की नाही हेही कळले नाही, इतक्या झटकन यादी हजर झाली. ती ओळसुद्धा रोमन लिपीतली, कारण डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणणारे पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड घेणे आमच्या सोसायटीला परवडणारे नव्हते. त्या काळी ही यादी येईपर्यंत सेक्रेटरींचा निम्मा चहा पिऊन होत असे.

मग लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला. काम तर काहीच चालले नव्हते. मेनूपाशी थांबलेला माझा प्रोग्रॅम ‘कळ दाबली का, दाबली का’ असे कीबोर्डला अखंड विचारत होता, कारण वाट पाहण्याची दुसरी रीत तेव्हा मला ठाऊकच नव्हती. मी चहा टाकायला उठलो, तर पंखा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता.