आजोबांना दोष असलेलीच बाटली हवी होती

शनिवारी रात्री एका टेबलावरून २००१ सालच्या ग्रान रेसेर्वाची, म्हणजे स्पेनच्या रिओखा प्रदेशातल्या, बरीच वर्षं मुरवलेल्या लाल वाइनची ऑर्डर आली, तीही सूप संपल्यावर. मी स्पेनमधल्या बिल्बाओत सोमेलिए आहे. रेस्तराँतली वाइन निवडणं, सांभाळणं आणि वाढणं हे माझं काम. असल्या ऑर्डरीने माझं डोकं फिरतं. इतकी वर्षं आडवी पडलेली बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवली तर गाळ तळाशी बसतो. पण लोक टेबल पंधरा दिवस आधी बुक करतात आणि बाटली त्यांना खुर्चीत बसल्यावर आठवते. मग ती कप्प्यातून तशीच आडवी, वेताच्या टोपलीत, न हलवता आणायची.

एवढ्या जुन्या बुचात स्क्रू घातला की त्याचा भुगा होतो. त्यासाठी दोन पात्यांचा ओपनर असतो. लांब पातं आधी, आखूड नंतर, काच आणि बूच यांच्या फटीत डोलवत डोलवत खाली उतरवायचं. मग ओढायचं नाही, पिळत पिळत वर आणायचं. बूच अखंड निघालं. आमच्याकडे हे माझ्याशिवाय कुणाला धड जमत नाही, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

वाढण्याआधी थोडी वाइन एका ग्लासात फिरवून पुढच्या ग्लासात, तिथून त्याच्या पुढच्या, असे सगळे ग्लास वाइनने विसळून घेतात. कपाटाचा आणि फडक्याचा वास त्याने जातो. त्याही आधी मी हुंगलं. पहिला श्वास महत्त्वाचा, पुढे नाक सरावतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास होता, अगदी पुसट. आणि त्याच्या मागे काहीच नव्हतं.

हे ‘काहीच नाही’ जास्त वाईट. बुरशी आणि क्लोरीनची संयुगं एकत्र आली की टीसीए नावाचं रसायन तयार होतं, आणि बुचातून ते वाइनमध्ये उतरतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की ते वास टिपणाऱ्या पेशींचा संदेशच दाबून टाकतं. म्हणजे वाइनमध्ये सगळं असतं, आपल्यापर्यंत पोचत नाही.

आणि अशा वाइनमध्ये असतं किती! रिओखाच्या नियमाप्रमाणे लाल ग्रान रेसेर्वा किमान ६० महिने मुरवावी लागते. त्यातले किमान २४ ओकच्या पिंपात, २४ बाटलीत. रिओखातल्या हारो गावच्या स्टेशनाजवळची वाइन बनवणारी जुनी घराणी तेवढ्यावर थांबत नाहीत. १८७७ साली सुरू झालेल्या लोपेस दे एरेदिया घराण्याची ग्रान रेसेर्वा दहादहा वर्षं पिंपात राहते, आणि पिंपंही त्यांच्याच कारखान्यात बनतात. (शनिवारची बाटली त्यांची नव्हती. कुणाची ते सांगत नाही, दोष बुचाचा होता.) ठरावीक काळाने वाइन एका पिंपातून दुसऱ्यात घ्यायची, गाळ मागे ठेवायचा. उरलेला गढूळपणा अंड्याच्या पांढऱ्याने खाली बसवायचा. पिंपं जुनी असल्यामुळे अमेरिकन ओकचा व्हॅनिला-नारळाचा वास डोक्यावर बसत नाही. रंग विटकरी होत जातो. नाशिकहून आलो तेव्हा मलाही वाटायचं, चांगली रेड म्हणजे दाट, काळपट. आजही तसं म्हणणारं गिऱ्हाईक रोज एक तरी भेटतं. मी हसून मान डोलावतो आणि मनातून त्याला माफ करत नाही.

तर मी टेबलावर जाऊन सांगितलं, बाटलीत दोष आहे, दुसरी आणतो. एरवी विषय इथेच संपतो. पण ऐंशीच्या घरातले आजोबा म्हणाले, “आधी चाखू तर दे, पोरा.”

त्यांनी बराच वेळ ग्लासात नाक घालून ठेवलं.

“यात वाईट काय आहे? हा आमच्या तळघराचा वास. वडील पिंपातून वाइनचा जग भरून आणायला पाठवायचे, तेव्हा जिना उतरताना हाच यायचा.”

मी दुसरी बाटली उघडली. वाळलेली संत्र्याची साल, सुकं अंजीर, तंबाखू, आंबट चेरी. जिभेच्या कडांना पाणी सुटेल असा आंबटपणा, एवढ्या वर्षांनीही ताठ. मुलगा आणि सून बोलायचे थांबले. आजोबांनी घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. “छान आहे. पण ही कुणाचीही असू शकते.” कोकराच्या बरगड्यांबरोबर त्यांनी पहिलीच बाटली संपवली, जवळजवळ एकट्याने.

बिलाच्या वेळी मॅनेजर मला म्हणाला, “तो पितोय ना? मग दोष कसला?” या माणसाला वाइनमधला एकच वास येतो, नोटांचा. मी पहिली बाटली बिलात लावू दिली नाही. त्यावर आजोबाच चिडले. फुकटची वाइन आपण पीत नाही, म्हणाले, आणि तिचे पैसे टेबलावर ठेवून गेले. पुरवठादाराने भरपाई नाकारली. दोष सिद्ध करायला निदान थोडी वाइन परत पाठवावी लागते, आणि आमची बाटली रिकामी.

तेव्हापासून माझी चलबिचल चालू आहे. त्यांना या वाइनची खरी चव लागलीच नाही, असं माझं शिक्षण सांगतं. वीस वर्षांत जे जमलं होतं ते त्या रसायनाने झाकलं आणि त्यांनी झाकणालाच दाद दिली. पण टीसीए फक्त बुचात होत नाही. दमट तळघरातल्या लाकडात, फळ्यांत, पिंपांतही होतं. तसं असेल तर त्यांच्या वडिलांच्या घरची वाइनही थोडीफार अशीच असणार. मग जुन्या लोकांच्या तोंडून आम्ही ‘पारंपरिक रिओखाची चव’ म्हणून जी ऐकतो, ती कितपत द्राक्षाची आणि कितपत बुरशीची? हा प्रश्न मी आमच्या व्यवसायातल्या दोघाचौघांना विचारला. सगळ्यांनी विषय बदलला.

मंगळवारी सुनेचा फोन आला. पुढच्या महिन्यात पुन्हा चौघं येतायत, आणि सासऱ्यांचा निरोप आहे, “त्या पहिल्यासारखीच काढून ठेव.” हो म्हणालो खरा. त्याच खोक्यातल्या काही बाटल्या शिल्लक आहेत. बहुधा सगळ्या चांगल्याच निघतील.