टोरांटो ते मुंबई, हिमवादळातून: आजी आणि लहान मुलं सोबत असताना

नणंदेच्या मुलीचं लग्न माघात, पुण्यात. पौष संपल्या संपल्या मुहूर्त, म्हणजे टोरांटोतून निघायचं ते ऐन हिवाळ्यात. सोबत सासूबाई, म्हणजे नवरीची आजी. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह, रोजचं इन्सुलिन. शिवाय पाच वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. निघण्याच्या दिवशीच हिमवादळ आलं. जर्मनीतल्या फ्रँकफर्टला जाणारं विमान कित्येक तास उशिरा सुटलं, पुढचं मुंबईचं चुकलं, आणि तरीही सगळे धडधाकट, वेळेत लग्नघरी पोचलो. विमान कधी सुटेल हे वादळ ठरवतं. पण तो उशीर आजी आणि मुलं कशी काढतील हे बरंचसं आपण घरून काय ठरवून निघालो त्यावर असतं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी तिकिटाबद्दल. लग्नाच्या आदल्या दिवशी पोचणारं तिकीट हिवाळ्यात काढूच नका. मध्ये किमान तीन-चार दिवस मोकळे हवेत. दोन्ही उड्डाणं एकाच बुकिंगमध्ये हवीत. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीला तुमचं काही देणं नसतं. दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला पहाटे दाट धुकं असतं. इकडे बर्फ आणि तिकडे धुकं अशी दुहेरी जोखीम लहान मुलं घेऊन पत्करावी असं मला वाटत नाही.

मोठ्या वादळाचा अंदाज आला की बऱ्याच विमान कंपन्या आधीच जाहीर करतात की अमुक तारखांची तिकिटं जादा पैसे न घेता बदलून मिळतील. एन्व्हायर्नमेंट कॅनडाचा, म्हणजे तिथल्या सरकारी हवामान खात्याचा, इशारा आला की लगेच कंपनीचं अ‍ॅप उघडून बघा. एक दिवस आधीची जागा मिळत असेल तर बेधडक घ्या. आम्ही बघितलं तेव्हा पाच जणांच्या जागा एकत्र उरल्या नव्हत्या, आणि सासूबाईंना एकटं पुढे पाठवणं मनाला पटेना.

इन्सुलिनबद्दल जरा थांबून सांगते, कारण ओळखीच्या कितीतरी घरांत आई-वडील इन्सुलिनवर आहेत आणि हिवाळ्यात ये-जा करतात. इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत कधीही टाकू नका. बॅगा धावपट्टीजवळ उघड्या गाडीवर बर्फात पडून राहू शकतात, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. सासूबाईंची इन्सुलिन टोचायची पेनं माझ्या आतल्या जॅकेटच्या खिशात, अंगाच्या उबेत होती. साखर मोजायचं यंत्रही फार गार झालं की नीट चालत नाही, तेही आतच ठेवा. औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. व्हीलचेअर निदान ४८ तास आधी सांगून ठेवा. चालता येणाऱ्या ज्येष्ठांनाही सांगा. फ्रँकफर्टला चालायचं अंतर पुष्कळ आहे.

तापमान उणे २० आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल तर अंगाला ते उणे ३४ सारखं लागतं, आणि उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. गाडी ते दार एवढ्या अंतरालाही मुलांचे कान आणि बोटं झाकलेली हवीत. पण गाडीत कार सीटचे पट्टे जाड जॅकेटवरून बांधू नका; धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. पातळ थरांचे कपडे, पट्टा घट्ट, आणि वरून पांघरूण. बर्फाचा जोर वाढायच्या आत, दुपारीच आम्ही टोरांटोलगतच्या मिसिसागाहून, आमच्या घरून, निघून विमानतळ गाठला. डाउनटाउनकडच्यांनी ४०१ महामार्गाच्या नादी न लागता युनियन स्टेशनहून यूपी एक्स्प्रेस ही विमानतळाची ट्रेन घ्यावी, २५ मिनिटांत पिअर्सनला, म्हणजे टोरांटोच्या विमानतळावर, पोचते.

मुंबईला जाताना जाड जॅकेटं सोडायला आलेल्या माणसाकडे परत द्यायची पद्धत आहे. यावेळी आम्ही दिली नाहीत आणि तुम्हीही देऊ नका. विमान वाटेत वेगळ्याच गावी उतरवलं गेलं तर बर्फात जिन्यावरून उतरावं लागू शकतं. हवा काढून बंद करायच्या पिशवीत चार जॅकेटं सहज मावतात.

विमानात बसलो आणि मग खरी वाट बघणं सुरू झालं. पिअर्सनला विमानांवरचा बर्फ काढण्यासाठी वेगळं मोठं आवार आहे. विमानं तिथे रांगेने जातात, इंजिनं चालू ठेवूनच उभी राहतात, आणि दोन्ही बाजूंनी उंच हातांच्या गाड्या येतात. आधी गरम नारिंगी द्रव मारतात, त्यात ग्लायकॉल आणि पाणी असतं. त्याने साठलेला बर्फ निघतो. मग दाट हिरवा द्रव, तो नवीन बर्फ धरू देत नाही. आवाज येतो, खिडकीवर वाफ येते, कधी आत गोडसर वास येतो. मुलीला हे आधीच समजावून ठेवलं होतं, त्यामुळे ती न घाबरता रंग ओळखत बसली. सासूबाईंनी रामरक्षा सुरू केली आणि मुलगा त्या सुरावर झोपला.

हिरव्या थराचा परिणाम ठरावीक वेळच टिकतो. ती वेळ द्रवाचा प्रकार, तापमान आणि बर्फाचा जोर बघून ठरते. तेवढ्यात धावपट्टी मिळाली नाही तर पुन्हा फवारणी करावी लागू शकते, आमचीही झाली. शेजारचे प्रवासी चिडले होते. मला मात्र वाटतं, पंखावरचा पातळसा खडबडीत थरही विमानाची उचल कमी करतो, तेव्हा परत फिरणाऱ्या वैमानिकाचे आभारच मानावेत.

कॅनडाच्या नियमाप्रमाणे विमान जमिनीवरच खोळंबलं तर ३ तासांनी उतरण्याची संधी द्यावी लागते. उड्डाण लवकरच होईल अशी चिन्हं असतील तर आणखी ४५ मिनिटं थांबवता येतं. त्या काळात पाणी, खाणं आणि स्वच्छतागृह मिळायला हवं. पण खराब हवामानासाठी रोख भरपाई नाही, आणि हॉटेल-जेवण द्यायचं बंधनही कंपनीवर नाही. विमान रद्द झालं तर मोठ्या कंपनीला ४८ तासांच्या आत सुटणाऱ्या विमानात जागा द्यावी लागते. नाही जमलं तर पैसे परत मागता येतात. थोडक्यात, पिअर्सनला अडकलात तर खर्च तुमचा. प्रवास विमा काढताना हवामानामुळे होणारा उशीर त्यात धरलाय का, तेवढी ओळ वाचून घ्या.

युरोपात चित्र वेगळं. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमाखाली हवामानामुळे भरपाई मिळाली नाही तरी जेवण आणि गरजेप्रमाणे रात्रीचा मुक्काम द्यावा लागतो. युरोपातून सुटणारं कुठलंही विमान आणि युरोपीय कंपनीचं युरोपात येणारं विमान त्यात बसतं. फ्रँकफर्टला उतरलो तेव्हा मुंबईचं विमान गेलं होतं आणि दुसऱ्या दिवशीच्या जागा अ‍ॅपवर आल्या होत्या. काउंटरवर हॉटेल देऊ केलं, पण नवरा आणि मुलांचे पासपोर्ट कॅनडाचे, माझा आणि सासूबाईंचा भारताचा. ट्रान्झिटमधून पुढचं विमान पकडणं वेगळं आणि शहरात हॉटेलवर जाणं वेगळं. त्याला भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह बऱ्याच युरोपीय देशांत चालणारा व्हिसा, लागतो; कॅनडाचं पीआर (कायम रहिवासाचं) कार्ड चालत नाही. आपल्याकडच्या अनेक घरांत असे मिश्र पासपोर्ट असतात. रात्र काढायची वेळ आली तर कोण कुठे राहणार हे तिकीट काढतानाच बोलून ठेवा. आमचं ठरलं होतं की सगळे एकत्र, आतच. आडवं होता येईल अशा खुर्च्या शोधल्या, कुपनांवर गरम सूप घेतलं, आणि बाकी भिस्त घरच्या डब्यावर: दशम्या, तिळाच्या वड्या, कोरडी लसणाची चटणी. लोणचं किंवा आमटी हातातल्या सामानात नको, सुरक्षा तपासणीत अडकतं. बाळाचं दूध आणि खाणं यांना मात्र १०० मिलिची मर्यादा नसते. सासूबाईंच्या जेवणाच्या वेळा आम्ही पुण्याच्या घड्याळाकडे हळूहळू सरकवल्या. इन्सुलिनचं वेळापत्रक कसं बदलायचं हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घेतलेलं होतं.

लग्नाच्या पैठण्या आणि दागिने केबिनच्या बॅगेत होते. बाकी कपडे बॅगेच्या आत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, आणि ते फार बरं झालं: मुंबईला एक बॅग ओली झालेली आली, एक आलीच नाही. अशा वेळी विमानतळ सोडण्यापूर्वी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात फुटकी-भिजकी बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि उशिरा आलेल्या बॅगेसाठी ती हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. तोवर झालेल्या खरेदीच्या पावत्या जपा.

मागे राहिलेल्या घराबद्दल: पाण्याचा मुख्य नळ बंद करा, पण हीटिंग पूर्ण बंद करू नका, नाहीतर नळ्या गोठून फुटतात. हिवाळ्यात घर रिकामं ठेवताना कुणी किती दिवसांनी येऊन बघावं याची अट विम्यात असते, ती विचारून मित्राकडे किल्ली द्या. परतीच्या प्रवासात जॅकेटं आणि मुलांचे बूट हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनची बॅग मागे राहिली तरी पिअर्सनच्या दाराबाहेर फेब्रुवारीच असतो.